ज्वारीची भाकरी मोडते कुठे? दळणापासून दुरडीपर्यंत, क्रमाने

भाकरी शिकणाऱ्याची तक्रार नेहमी हाताबद्दल असते. "मला थापताच येत नाही." मग तो थापण्याचे व्हिडिओ बघतो, मनगट कसं फिरतं ते बघतो, तसंच करू जातो आणि भाकरी पुन्हा कडेने फाटते. असं चार वेळा झालं की पिठाचा डबा मागे सरकतो आणि घरात परत पोळी सुरू होते.

माझंही तेच झालं. पुण्यात एकटा राहायला लागल्यावर सलग तीन रविवार भाकरीच्या मागे लागलो आणि तिन्ही वेळा परातीत नकाशे तयार झाले. चौथ्या रविवारी सोलापूरकडची आत्या आली होती. तिने माझं थापणं बघितलंसुद्धा नाही. डब्यातलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आरं, ह्या पिठाला विरीच न्हाई. हाताला कशाला बोल लावतोस?" विरी म्हणजे पिठाचा धरून राहण्याचा गुण. पीठ पाकिटाचं होतं, आणून तीन महिने झालेलं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. बिघाड जिथे दिसतो तिथे तो झालेला नसतो, एक पायरी मागे झालेला असतो. थापताना फाटली तर मळणं तपासा. मळताना गोळा तुटतोय तर पाणी आणि पीठ तपासा. तव्यावर फुगली नाही तर थापणं आणि पाणी फिरवण्याची वेळ तपासा. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मध्ये मध्ये खुणा दिल्या आहेत. खूण जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, कारण पुढच्या टप्प्यात ती चूक दुरुस्त होत नाही.

टप्पा १ : ज्वारी आणि दळण

सगळ्यात जास्त भाकऱ्या इथेच बिघडतात, म्हणून इथे जरा वेळ घालवू.

भाकरीला रब्बीची ज्वारी घ्या. शाळू म्हणा, मालदांडी म्हणा. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी आणि मराठवाड्याच्या पट्ट्यातून ती येते. दाणा टपोरा, पांढरट-पिवळसर आणि अंगाला चकाकी असलेला. खरिपाच्या ज्वारीला कणसात दाणा भरताना पुष्कळदा पाऊस लागतो, दाणा काळा पडतो आणि भाकरीला काळपट रंग आणि कुबट चव येते. ती स्वस्त मिळते खरी, पण शिकताना स्वस्ताई नको. पोत्यावर 'मालदांडी' लिहिलंय म्हणून आत मालदांडी असेलच असं नाही. मूठभर दाणे तळहातावर घ्या, काळे आणि फुटके किती आहेत ते बघा, वास घ्या.

निवडताना खडे आणि काळे दाणे काढा. ज्वारी धुऊ नका. धुतलीच तर उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय गिरणीत नेऊ नका, ओलसर दाण्याचं पीठ डब्यात गोळे धरतं.

गिरणीवाल्याला दोन गोष्टी सांगायच्या. एक, बारीक दळा. जाडसर पिठाच्या भाकरीला कडेला हमखास चिरा जातात. दोन, आधी कुणाची ज्वारी किंवा बाजरी दळून झाली असेल तर त्यावर टाका, डाळीवर किंवा गव्हावर नको. हरभरा डाळीनंतर पडलेल्या ज्वारीत पहिला किलोभर बेसनाचा वास येतो.

*सावधान :* घरात कुणाला गव्हाचं पथ्य असेल, विशेषतः सीलिअॅकसारखा आजार असेल, तर सार्वजनिक गिरणीतलं पीठ चालणार नाही. आधीच्या दळणाचा गहू जात्यात शिल्लक असतोच. अशा घरात घरघंटी वेगळी ठेवा आणि तिच्यात गहू कधीच घालू नका.

दळण किती आणायचं? आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी होणाऱ्या दोघांच्या घराला दोन-अडीच किलो. पंधरा दिवसांत संपेल एवढंच. गिरणीतून आणलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात कोंबलं की आत वाफ धरते. कागदावर किंवा परातीत पसरून पूर्ण गार करा, मग डबा बंद करा.

आता विरी म्हणजे काय ते. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं, म्हणून ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही. ज्वारीचं पीठ स्वतःला धरून ठेवतं ते स्टार्चच्या चिकटपणावर आणि आपल्या रगडण्यावर. हा जो पिठाचा धरण्याचा गुण, तीच विरी. पीठ जुनं होत जातं तशी विरी जाते आणि पिठातलं तेल खवट होऊन चव कडवट होते.

थांबा आणि तपासा. चमचाभर पिठात कोमट पाणी घालून सुपारीएवढी गोळी मळा आणि अंगठ्याने तळहातावर दाबा. कड अखंड राहिली तर पीठ ताजं आहे. थोड्या बारीक चिरा पडल्या तर गरम पाणी लागेल. उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारखी भेगाळली तर विरी गेलेली आहे, उकड काढावी लागेल, म्हणजे पीठ आधणाच्या पाण्यात वाफवून घ्यावं लागेल (टप्पा ३). आणि जिभेवर कडू लागलं तर ते पीठ भाकरीला वापरूच नका. उकड काढून भाकरी जमते, कडूपणा मात्र तसाच राहतो.

परदेशात राहणाऱ्यांनी ही चाचणी न चुकता करावी. दुकानातलं ज्वारीचं पाकीट तुमच्या हाती येईपर्यंत महिने उलटलेले असू शकतात. तिथे उकड हाच राजमार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही.

टप्पा २ : मांडणी

हात पिठाने माखल्यावर कपाट उघडायची वेळ येऊ नये, एवढाच हेतू. ओट्यावर हे असू द्या: सपाट बुडाची परात किंवा काठवट (लाकडी परात), लोखंडी तवा, उलथणं, वाटीभर कोमट पाणी, वाटीभर कोरडं पीठ, ओलं करून पिळलेलं एक फडकं, पाणी फिरवायला एक छोटी वाटी आणि भाकऱ्या ठेवायला दुरडी किंवा जाळी.

परातीचं बूड मध्ये फुगलेलं असेल तर भाकरी मध्ये पातळ आणि कडेला जाड होणार. तशी परात असेल तर दुसरी घ्या. तवा लोखंडीच हवा. नॉनस्टिक तवा भाकरीला लागतो तेवढा कोरडा तापवणं बरं नाही, आणि त्यावर भाकरी शेकण्याऐवजी वाळते.

टप्पा ३ : पाणी

पिठाच्या चाचणीत जे दिसलं त्यावरून तीनपैकी एक रीत निवडा.

*ताजं पीठ :* कोमट पाणी पुरे. हाताला सुखद लागेल इतपत.

*आठ-पंधरा दिवसांचं पीठ :* कडकडीत गरम पाणी. पिठात मध्ये आळं करा, गरम पाणी ओता, चमच्याने ढवळा, दोन मिनिटं झाका, मग हाताने मळा. ज्वारीचं स्टार्च साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास फुलायला लागतं, आणि फुललेलं स्टार्च चिकटतं. गेलेल्या विरीची उसनवारी इथून होते. पाणी नुसतं गरम असून भागत नाही. तापवलेलं पाणी गार परातीत पडलं की त्याचं बरंच तापमान तिथेच उतरतं, म्हणून आधणाचंच घ्या.

*विरी गेलेलं पीठ, किंवा अगदीच नवखा हात :* उकड. पातेल्यात एक वाटी पाण्याला आधण आणा, गॅस बारीक करा, एक वाटी पीठ घाला, उलथण्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून मिनिटभर वाफ द्या, गॅस बंद करा आणि पाच-सात मिनिटं झाकून ठेवा. मग परातीत काढून सोसवेल इतकं गरम असतानाच मळा. उकडीची भाकरी पोळपाटावर लाटतासुद्धा येते. जाणती माणसं नाक मुरडतात. मुरडू द्या.

प्रमाण अंदाजाचं सांगतो. दोन वाट्या, म्हणजे साधारण २५० ग्रॅम पिठाला २०० ते २२५ मिलिलिटर पाणी लागतं. एवढ्यात २० सेंटिमीटर रुंदीच्या, ४ मिलिमीटर जाडीच्या तीन भाकऱ्या होतात. प्रत्येक दळण वेगळं पाणी पितं, म्हणून शेवटचं थोडं पाणी राखून ठेवा आणि हाताने घाला.

मीठ घालणं ऐच्छिक. आमच्याकडे घालत नाहीत.

टप्पा ४ : मळणं

नवखे लोक ज्वारीचं पीठ कणकेसारखं मळतात: गोळा करतात, मुठीने दाबतात, दुमडतात. त्याने काही होत नाही. ज्वारी रगडावी लागते.

एका भाकरीपुरतंच पीठ घ्या. पाणी घालून ओबडधोबड गोळा करा. मग तळहाताचा मनगटाजवळचा भाग गोळ्यावर टेकवून पीठ परातीवर पुढे ढकला, जणू परातीला पीठ फासताय. सगळं पुढे गेलं की बोटांनी मागे ओढून गोळा करा आणि पुन्हा ढकला. हात सुका वाटला तर बोटं पाण्यात बुडवा, थेट पाणी ओतू नका. अंगाचं वजन मनगटावर येऊ द्या. ओटा उंच असेल तर परात खाली जमिनीवर घेऊन बसा. आत्या अजूनही खालीच बसते आणि मला ते उगाच वाटायचं. ओट्यावरच्या परातीत माझा नुसता दंड भरून यायचा. खाली बसून मळल्यावर कळलं की तिचा जोर दंडातून येतच नाही, पाठीतून येतो.

किती वेळ? कोमट पाण्याच्या पिठाला दोन-तीन मिनिटं. सुरुवातीला पीठ खरखरीत लागतं आणि फुटतं. मग एक क्षण येतो, पीठ परातीला चिकटायचं थांबतं, हाताखाली गुळगुळीत लागतं आणि ढकलल्यावर तुटण्याऐवजी जिभेसारखं लांब होतं. तिथून पुढे अर्धा मिनिट आणखी.

थांबा आणि तपासा. गोळा हातात घेऊन चपटा करा. कडेला चिरा दिसल्या तर दोन कारणं. चिरा कोरड्या, पांढुरक्या असतील तर पाणी कमी आहे. बोटं ओली करून पुन्हा रगडा. चिरा ओलसर असून पडत असतील तर पाणी ठीक आहे, रगडणं कमी झालंय. गोळा हातावर पसरत असेल, आकार धरत नसेल तर पाणी जास्त झालंय; चिमूट चिमूट पीठ घाला आणि पुन्हा मळा.

*सावधान :* सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका. ज्वारीचा मळलेला गोळा बाहेर राहिला की वरून सुकतो आणि थापताना तीच सुकी कातडी फाटते. घाईमुळे एकदम मळावंच लागलं तर ओल्या फडक्याखाली झाका आणि प्रत्येक गोळा थापण्याआधी पाण्याच्या हाताने अर्धा मिनिट पुन्हा रगडा. सवय झालेली बाई एक भाकरी तव्यावर असताना दुसरी मळते. तुम्ही पहिले पंधरा दिवस तसं करू नका. तव्यावरची करपते आणि हातातली बिघडते.

टप्पा ५ : तवा तापत ठेवणं आणि थापणं

क्रम इथे चुकतो. काही जण थापून झाल्यावर तवा ठेवतात. तोवर भाकरी परातीला चिकटून बसते. काही जण मळण्याआधीच तवा ठेवतात आणि भाकरी होईपर्यंत तो धुरावतो. मळून झालं की तवा मध्यम आचेवर ठेवा, मग थापायला घ्या. थापायला पाच मिनिटं लागत असतील तर भाकरी निम्मी झाल्यावर ठेवा.

१. गोळा तळहातांमध्ये गोल फिरवून उंडा करा. उंड्यावर एकही रेघ नको. आत्ता दिसणारी रेघ पुढे फट होते.

२. उंडा चपटा करा आणि कडा दोन्ही हातांच्या बोटांनी गोल दाबून सारख्या करा. पुरीएवढा, साधारण बोटभर जाड. ही पायरी कुणीच नीट करत नाही. गोल भाकरी इथे ठरते.

३. परातीत कोरडं पीठ पसरा, हात आखडता नको. चपट्या उंड्याची खालची बाजू त्यावर ठेवा. वरच्या बाजूला थोडंसं पीठ लावा, हात चिकटणार नाही एवढंच.

४. आता थापा. उजव्या हाताची बोटं जुळलेली, तळहात जरा उचललेला. मार बोटांच्या खालच्या पेरांचा आणि तळव्याच्या वरच्या भागाचा, टोकांचा नाही. टोकांनी खड्डे पडतात. मधून कडेकडे थापत जा. डावा हात कडेला आडवा धरा, तो कुंपण आहे. भाकरी कडेने बाहेर फाटू पाहते तिथे डावा हात तिला आत लोटतो.

५. प्रत्येक दोन-तीन थापांनंतर भाकरी थोडी फिरली पाहिजे. सराव झाल्यावर थापेच्या धक्क्यानेच ती फिरते. तोवर दोन्ही हातांनी फिरवा.

थांबा आणि तपासा. भाकरी निम्मी झाली की हलका धक्का द्या. सरकली तर पुढे जा. सरकली नाही तर खाली पीठ कमी आहे. ओढू नका. परातीची एक बाजू उचलून कड हळूच सोडवा, खाली पीठ सारा, पुन्हा फिरवा. कान लावलात तर आवाजावरूनही कळतं: मोकळी भाकरी 'थप' करते, चिकटलेली 'चप्प' करते.

कडेला छोटी चीर पडली तर ओल्या बोटाने लगेच बुजवा. मध्ये भोक पडलं तर ठिगळ लावू नका, ठिगळ तव्यावर सुटतं. उंडा मोडा, पाण्याचा हात लावून पुन्हा रगडा आणि पहिल्यापासून थापा. ज्वारीला दुसऱ्यांदा मळल्याचा राग येत नाही, फक्त मध्ये गेलेलं कोरडं पीठ भरून निघेल एवढं पाणी द्या.

जाडी सगळीकडे सारखी हवी. नवख्याची भाकरी नेहमी मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, कारण डोळा मध्यावर असतो. शेवटच्या आठ-दहा थापा फक्त कडेवर मारा. आणि पहिल्या आठवड्यात मोठ्या भाकरीचा हट्ट नको. १५ सेंटिमीटरची भाकरी उचलताना मोडत नाही.

प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून भाकरी करता येते का? येते. पण कोरड्या पिठाची बाजू राहत नाही आणि थापण्याचा सरावही होत नाही. पाहुणे दारात असतील तर करा.

टप्पा ६ : तव्यावर टाकणं आणि पाणी फिरवणं

तवा तापलाय का? पाण्याचे चार थेंब शिंपडा. थेंब नुसते बसून उकळत राहिले तर तवा थंड आहे. उड्या मारत दोन-तीन सेकंदांत गेले तर बरोबर. दुसरी खूण, चिमूटभर पीठ टाका: पाच-सहा सेकंदांत तांबूस व्हायला हवं. पडताक्षणी काळं झालं तर आच कमी करून थोडं थांबा. ते पीठ फडक्याने पुसून घ्या. परदेशात ज्यांच्या स्वयंपाकघरात धुराची घंटा आहे त्यांनी तर नक्कीच. भाकरीखालचं जळकं पीठ ती घंटा हमखास वाजवतं.

भाकरी उचलायला परात थोडी तिरकी करा, दोन्ही हातांची बोटं पसरून खाली सरकवा आणि तळव्यांवर घ्या. तव्यावर टाकताना उलटी पडली पाहिजे. म्हणजे परातीला लागलेली, कोरड्या पिठाची बाजू वर यायला हवी. फेकू नका. एक कड तव्याला टेकवा आणि उरलेली पुढे सोडत जा, चादर अंथरतो तशी. आत हवा राहिली की तिथे भाकरी शेकत नाही.

आता लगेच पाणी. वाटीतलं पाणी तळहातावर घेऊन किंवा ओल्या फडक्याने वरच्या बाजूवर सगळीकडे फिरवा, कडेपर्यंत. हे पाणी वरचं कोरडं पीठ जिरवतं आणि पृष्ठभाग ओला ठेवतं, नाहीतर खालून उष्णता लागताच वर भेगा पडतात. हळू हाताने फिरवा, दाबू नका. कड राहिली तर कडेला पांढरं पीठ तसंच दिसतं आणि भाकरी तिथून तडकते. पाण्याचा ओघळ तव्यावर जाऊ देऊ नका. तो भाकरीखाली शिरला की भाकरी चिकटते.

मग वाट बघा, आणि इथे डोळा हलवू नका. ओली बाजू आधी चकाकते. चकाकी जाऊन रंग मंद झाला, पण बोट लावल्यावर अजून ओलसर लागतं, तो क्षण उलटण्याचा. मध्यम-मोठ्या आचेवर हे साधारण अर्ध्या मिनिटात होतं.

*सावधान :* आधी उलटली तर ओली बाजू तव्याला धरते आणि उलथण्याबरोबर तुकडा निघतो. उशिरा उलटली, पाणी पूर्ण वाळलं, तर वर जाळीसारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांमधून वाफ निघून जाते. न फुगणाऱ्या भाकऱ्यांचं मला सर्वाधिक दिसलेलं कारण हेच, आणि लोक दोष मात्र आचेला देतात.

टप्पा ७ : शेकणं आणि फुगवणं

उलटल्यावर पाण्याची बाजू खाली आली. ही बाजू आता पूर्ण शेकायची, मिनिट-दीड मिनिट. मध्येच उलथण्याने भाकरी तव्यावर फिरवत राहा, म्हणजे एकाच जागी करपत नाही. खाली सगळीकडे तांबूस ठिपके आले की झालं. भाकरी तव्यावर मोकळी सरकायला लागते, हीही खूण.

आता तवा बाजूला करा आणि भाकरी थेट जाळावर, पहिली, कमी शेकलेली बाजू ज्योतीकडे. चिमट्याने कड धरून फिरवत राहा. आत साठलेली वाफ पापुद्रा वर उचलते आणि भाकरी टम्म फुगते. चुलीवर हेच काम तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांपुढे भाकरी उभी करून होतं.

इंडक्शन असेल तर ज्योत नाही. भाकरी पुन्हा उलटा, पहिली बाजू खाली घ्या आणि सुक्या फडक्याची घट्ट घडी करून कडेकडेने हलकं दाबत फिरवा. दाब कडेवर द्यायचा, मध्यावर नाही. वाफ मध्ये ढकलली जाते आणि भाकरी वर येते. फुग्यावर घडी दाबून धरू नका, वाफेने हात भाजतो.

फुगली नाही पण दोन्हीकडून नीट शेकली आहे? खा. अर्धवट फुगलेली भाकरी कच्ची असतेच असं नाही. कच्ची ओळखायची असेल तर तुकडा मोडून आतला भाग बोटांत दाबा. पिठूळ आणि चिकट लागला तर कच्ची.

टप्पा ८ : ठेवणं

गरम भाकऱ्या एकावर एक रचून डब्यात बंद केल्या की पाच मिनिटांत खालच्या ओल्या होतात. तव्यावरून उतरलेली भाकरी आधी मिनिटभर उभी टेकवून ठेवा किंवा जाळीवर ठेवा. वाफ गेली की दुरडीत, सुती फडक्यात. फार वेळ उघडी राहिली तर वातड होते, म्हणून वाफ गेल्यावर मात्र झाका.

उलट दिशेने शोध

तक्रार हातात असेल आणि कारण सापडत नसेल तर ही भाषांतरं वापरा.

"थापताना चारी बाजूंनी फाटते." पीठ जुनं, किंवा रगडणं कमी. आधी गोळीची चाचणी, मग मळणं.

"उचलताना मधून तुटते." मध्ये पातळ थापली गेली, किंवा खाली चिकटली होती आणि तुम्ही ओढली.

"फुगते पण एकाच बाजूला." जाडी असमान. जाड बाजू फुगत नाही.

"फुगून लगेच बसते." कुठेतरी भोक आहे. उलथण्याचं टोक टोचलं असेल. पातळ, बोथट उलथणं वापरा.

"खाताना घशात कोरडी लागते." वरचं पीठ जास्त, पाणी कमी फिरवलं. किंवा मंद आचेवर फार वेळ तव्यावर राहिली. भाकरीला आच कमी पडली की ती शेकत नाही, वाळते. सोलापूरची कडक भाकरी मुद्दाम पातळ करून तशी वाळवतात, पण ती वेगळी गोष्ट.

"पहिली छान होते, तिसरी बिघडते." तवा जास्त तापला, आणि गोळा सुकला. दोन भाकऱ्यांमध्ये तवा पुसा, आच अर्ध्या मिनिटासाठी कमी करा.

बाजरी, तांदूळ, नाचणी : काय बदलतं

बाजरीचं पीठ ज्वारीपेक्षा खूप लवकर कडू होतं. आठवड्यापुरतंच दळा, उन्हाळ्यात त्याहून कमी. रगडणं तेवढंच, पाणी कोमट. वरून तीळ लावायचे तर थापण्याच्या शेवटी लावा, आधी लावले तर कड फाटते. तिळाची बाजू वर ठेवून तव्यावर पाण्याचा हात हलकाच फिरवा.

तांदळाच्या भाकरीला, कोकणात आणि गोव्यात जशी होते तशी, उकड घ्याच. साध्या पाण्यात तांदळाचं पीठ धरत नाही. शेकताना डाग पडू द्यायचे नाहीत, म्हणून आच जराशी कमी. नाचणीलाही आधणाचं पाणी किंवा उकड, आणि ती मुळातच तांबूस-काळी असल्याने शेकल्याची खूण रंगावरून मिळत नाही. वरचा ओलेपणा गेला आणि भाकरी तव्यावर मोकळी सरकली की उलटा.

खानदेशात ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळून कळण्याची भाकरी करतात. उडदाच्या चिकटपणामुळे ती थापायला सोपी जाते. ज्वारीची विरी सारखीच कमी पडत असेल तर पुढच्या दळणात मूठभर उडीद घालून बघा.

मोडलेल्या भाकऱ्यांचं काय

पहिल्या आठवड्यात त्या निघणारच, म्हणून फोडणीचं सामान घरात ठेवा. तुकडे हाताने बारीक कुस्करा, मिक्सरला लावू नका, भुकटी होते. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा. कांदा मऊ झाला की हळद, मीठ आणि कुस्करलेली भाकरी घाला. ताकाचा हबका मारा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ द्या, वरून कोथिंबीर आणि शेंगदाण्याचं कूट. माझ्या पहिल्या तीन रविवारच्या नकाशांपैकी दोन असेच संपले. तिसरा कडू पिठाचा होता, तो आत्याने गाईला घातला, आणि गाईनेही आधी हुंगून बघितला.